घरच्या ज्वारीची तुला

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळीचे पाहुणे आज गेले आणि सूनबाईंनी घरात पुन्हा संचारबंदी लावली. चपला ओट्याखाली. बाहेरून आलेल्यानं आधी साबणानं हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच नंदूच्या खोलीत जायचं. कडबा कापायचं यंत्र गोठ्यातून उचलून पार विहिरीकडे नेलं, कारण काय, तर धूळ उडते. तुळशीच्या कुंडीचीही बदली झाली. दूध सोसायटीचा इतकी वर्षं चेअरमन राहिलेला हा सुंदरराव, ज्याच्या आवाजानं पंचायत समितीची सभा गप व्हायची, तो स्वतःच्या घरात नातीला भेटायला तोंडाला फडकं बांधून दारात उभा राहतो. कोणी पाहिलं तर म्हणेल, म्हातारा दरोड्याला निघालाय.

सूनबाई म्हणजे सत्यशीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शिस्तीची बाई. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण शाळा शाळेतच असावी, घरात आणू नये.

नंदू म्हणजे राजनंदिनी, माझी सात वर्षांची नात. उन्हाळ्यात तिला रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हापासून संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात तिचे केमोचे डोस चालू आहेत. डोस झाला की घरी यायचं, पेशी वाढल्या की पुन्हा डोस. या औषधानं आजाराबरोबर अंगातल्या चांगल्या पेशीही मरतात, मग साध्या धुळीशी लढायचीही ताकद अंगात राहत नाही, असं डॉक्टरबाई सांगतात. पोरीचे केस गेले, गाल गेले. जीभ मात्र जागच्या जागी आहे. आज मला म्हणाली, "आबा, तुमी फडकं बांधलं की लई चांगले दिसता."

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यात मी नारायणगडावर जाऊन नवस बोललो होतो. पोरगी दिवाळीला आपल्या पायानं उंबरा चढू दे, घरच्या रानातल्या ज्वारीनं तिची तुला करीन आणि ती ज्वारी गडावरच्या पंगतीला घालीन. ती आली, आपल्या पायानं आली. आता शब्द माझ्याकडे राहिला आहे. बोललेला नवस अंगावर ठेवून झोप लागत नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

चहा घेताना सूनबाईंकडे विषय काढला. पदर खोचून ती नंदूची भांडी उकळत्या पाण्यात घालत होती. म्हणाली, "मामा, नवस मला मान्य आहे. पण तिचे सगळे डोस संपू द्या. मग आपण सगळेच जाऊ."

"सगळे डोस संपायला दोन वर्षं हायत. देव दोन वर्षं वाट बघत बसंल व्हय?"

"देव समजून घेईल. बुरशीला समजत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "फारच जिवाला लागलं असेल तर मी तिचं वजन सांगते. तेवढी ज्वारी विकत घ्या आणि गडावर पोचवा. ती घरातच राहील."

मी कप तसाच ठेवून उठलो. वजन सांगून तुला होत असती तर लोकांनी तराजू कशाला केले असते? आणि विकतची ज्वारी! चार एकर मालदांडी पेरणाऱ्यानं बाजारातून ज्वारी आणून देवाला द्यायची, म्हणजे दुसऱ्याच्या नारळानं ओटी भरायची. शिकलेली माणसं बोलतात गोड, पण त्यांना मुळात विश्वासच नसतो. आईबापांचा नसला तर पोरीचं कसं होणार? कोणीतरी घरात तिच्यासाठी देवापुढे उभं राहायला पाहिजेच ना.

शनिवार, १ नोव्हेंबर

परवा नंदूचा डोस झाला. आता दोन-तीन आठवडे तिच्या पेशी खाली खाली जातील, हेच दिवस फार जपायचे, असं डॉक्टरबाईंनी पुन्हा बजावून सांगितलं म्हणे. म्हणजे देवाची गरज याच दिवसांत जास्त आहे. मला तर हे सरळ दिसतं.

जीवनला विहिरीवर गाठलं. जीवन माझा मुलगा, नंदूचा बाप. धारूरला त्याचं खताचं दुकान आहे. मी म्हणालो, "गुरुवार-शुक्रवार तुझ्या बायकोचं बीडला प्रशिक्षण हाय. गुरुवारी आपण गडावर जाऊन येऊ. अंबाजोगाईला रक्त तपासायला नेलतं म्हणून सांगू."

त्यानं मोटार बंद केली. "दादा, तिला कळलं तर ती मला घरात ठेवणार न्हाई."

"घर कोणाचं हाय बे?"

त्यानं मान डोलावली. माझ्यापुढे तो कधीच बोलत नाही, हा त्याचा गुण आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ज्वारी काढली. सप्टेंबरच्या पुरात आमच्या कोठीत गुडघाभर पाणी शिरलं होतं, त्यात घरच्या ज्वारीची सगळी पोती खालून भिजली. आम्ही ती उन्हात घातली होती, पण ऊन तरी तेव्हा कुठं होतं? आज बंकटनं, म्हणजे आमच्या सालगड्यानं, दोन पोती उघडली तर दाणा काळसर पडलेला आणि काही ठिकाणी गठ्ठे धरलेले. माझी बायको गीताबाई अंगणात पाखडायला बसली. आमच्या मंडळींना प्रत्येक गोष्टीत वास येतो. म्हणाली, "अहो, हिला कुबट वास येतोय. बुरा चढलाय हिच्यावर. सोमीनाथच्या घरून चांगली दोन पायली आणू का?"

सोमीनाथ माझा चुलतभाऊ. बांधावरून आमचं बोलणं बंद आहे, त्याला सहा वर्षं झाली. आता त्याच्या ज्वारीनं माझ्या नातीचा नवस फेडू?

"घरच्या रानातली म्हणून बोललोय," मी म्हणालो. "काळी असू दे नायतर गोरी. पाखडून झटकून घे."

तिनं तोंडाला पदर लावून पाखडली. वाऱ्यावर हिरवट धूर निघावा तशी पूड उडत होती. नंतर संध्याकाळपर्यंत ती शिंकत होती.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज मी हलका झालो.

सूनबाई सकाळच्या गाडीनं बीडला गेल्या आणि आम्ही निघालो. जीवन गाडी चालवायला, बंकट त्याच्या शेजारी, मागे नंदू माझ्या मांडीला टेकून, तिच्या पलीकडे गीताबाई, डिकीत पोती. एवढ्या महिन्यांत पोरगी दवाखाना सोडून कुठं गेलेली नाही. रस्त्यातली ऊसतोडीला निघालेली ट्रॅक्टरं बघून हात हलवत होती, बैलांना नावं देत होती. घरात बसवून बसवून सुकवली होती तिला.

गडावर गर्दी नव्हती. एका बाजूला तराजू टांगला होता. एका पारड्यात तिला पाट टाकून बसवलं. रीत अशी, की पहिली ओंजळ जिची तुला तिच्या हातानं पडावी. बंकटनं पोत्याचं तोंड तिच्यापुढे केलं. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि ज्वारी पलीकडच्या पारड्यात फेकली. फेकली म्हणजे काय, उधळलीच. तिला तो खेळ वाटला. एक ओंजळ झाली तरी थांबेना. मग आम्ही टोपल्यांनी घालायला लागलो आणि तिचं पारडं जसजसं वर चढायला लागलं तशी ती ओरडायला लागली, "आबा, मी उडाले!" मी शपथेवर सांगतो, मे महिन्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

तोंडाचं फडकं जरा वेळ काढलं होतं. देवापुढे तोंड झाकून बसणं बरं दिसत नाही आणि फोटोही काढायचा होता. धूळ झाली थोडी. तिला ठसका लागला, पाणी पाजलं, थांबला.

एकाच गोष्टीनं मन खट्टू झालं. गडाच्या कोठीवरच्या माणसानं मूठभर ज्वारी नाकाशी नेली आणि जीवनला म्हणाला, "पाव्हणं, ही पंगतीत न्हाई चालायची. मागं ठिवा, बघू." जीवननं लगेच पोती मागं नेली. मला नंतर सांगितलं. मी असतो तर त्या माणसाला विचारलं असतं, देणाऱ्याचा भाव बघायचा का दाणा बघायचा?

परत येताना मी नंदूला म्हणालो, "आईला सांगायचं न्हाई बरं का."

"कावून?"

"आईनं नको म्हणलतं. आईला वाईट वाटंल. हे आपलं दोघांचं गुपित."

तिनं विचार केला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "देवाशप्पथ न्हाई सांगणार. कोणीबी इचारलं तरी."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल रात्रीपासून नंदूला ताप आहे. पेशी अगदी तळाला गेल्यात म्हणे. सूनबाईंनी ताप मोजला आणि पाच मिनिटांत पिशवी भरली, ती पिशवी तिनं आधीच भरून ठेवलेली असते. जीवन आणि ती पोरीला घेऊन संभाजीनगरला गेले. मी आणि गीताबाई एसटीनं मागून जाऊ.

नवस फेडल्यावर ताप यावा याचं मला नवल वाटतं. पण डोसानंतर ताप येतोच, मागंही एकदा आला होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर, संभाजीनगर

ताप उतरत नाही. शिरेतून जंतूंचं औषध चालू आहे, ते बदलून दुसरं लावलं, तरी नाही. कोरडा खोकला सुरू झाला आहे आणि खोकताना ती छातीला हात लावते. इथे खालच्या खोलीत नातेवाइकांची सोय आहे, तिथे मी आणि गीताबाई असतो. वर एका वेळी एकालाच सोडतात.

आज मी दवाखान्याच्या मागे फेरी मारली तर शेजारी कुणाचीतरी इमारत उठते आहे. वाळू, सिमेंट, दिवसभर घरघर. म्हणजे आमच्या घरातली तुळस हलवायची आणि इथे वाळूचे ट्रक चालतात. गावाकडे फोन करून सोसायटीतल्या आमच्या पोरांना सांगितलं, दवाखान्याविरुद्ध एक निवेदन तयार ठेवा. माझ्या नातीला काही झालं तर मी गप बसणाऱ्यातला नाही. लोकांना कळलं पाहिजे की सुंदररावाला कोणी फसवू शकत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंनी आज सगळ्यांना वर बोलावलं. दिपाली त्यांचं नाव. वयानं लहान, माझ्या लेकीसारख्या, पण बोलणं मोजकं. नंदूच्या पलंगापाशीच त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्याभरात ही कुठं धुळीत गेली होती का? बांधकाम, जुना चारा, ओलं धान्य? नीट आठवून सांगा. मला कोणाला रागवायचं नाही, औषध ठरवायचं आहे."

सूनबाई लगेच म्हणाली, "नाही मॅडम. मी तिला खोलीबाहेरसुद्धा सोडलेलं नाही. माझी खात्री आहे."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आजोबा, तुमच्याकडं शेती आहे ना?"

"हाय. पण ही रानात जात न्हाई," मी म्हणालो. यात खोटं काय आहे? ती रानात गेलेलीच नाही.

जीवन खिडकीबाहेर काहीतरी बघत होता. मग बाई खाली वाकल्या आणि त्यांनी नंदूला विचारलं, "तुला आठवतंय का ग काही? मातीत खेळलीस, कुठं फिरायला गेलीस?"

नंदूनं आधी माझ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली, नाही. नाकाला प्राणवायूची नळी, अंगात ताप, बोलायचं त्राण नाही, पण शब्द राखला पोरीनं. दिलेला शब्द कसा पाळावा हे मोठ्यांनी तिच्याकडून शिकावं. रक्त शेवटी आमचं आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग मी स्कॅनपर्यंत थांबते. तसं काही असतं तर बुरशीचं औषध आजच सुरू केलं असतं. पण ते मूत्रपिंडांवर जड जातं आणि हिची मूत्रपिंडं आधीच थकलेली आहेत. उगाच नको."

बुरशी लोणच्यावर येते, शिळ्या भाकरीवर येते. माणसाच्या छातीत कशी येईल? आणि आली तरी देवाच्या कामाला काढलेल्या धान्यातून येईल? खाली आल्यावर जीवन जिन्यात म्हणाला, "दादा, सांगायचं का?" मी म्हणालो, "आता सांगून तुझ्या बायकोपुढं मान खाली घालायची का? उद्या स्कॅन हायच. मशिनीत जे असंल ते दिसंल."

मला आज जेवण गेलं नाही. इथलं वरण पातळ असतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

स्कॅन आज झाला नाही. नंदूला आडवं केलं की दम लागतो. उद्या बघू म्हणाले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गीताबाईनं दगा दिला.

सकाळी खोकताना नंदूच्या तोंडातून रक्त आलं. सूनबाई टॉवेल घेऊन जिन्यानं खाली आली, पांढराफटक चेहरा. मी काही बोलायच्या आत गीताबाई उठली आणि तिच्यापुढे उभी राहून एका दमात बोलली, "सत्यशीला, पोरीला आमी गडावर नेलतं. ज्वारीनं तिची तुला केली. बुरा चढलेली ज्वारी व्हती, म्या सोता पाखडलीय. जा, डॉक्टरीणबाईला सांग. आत्ता जा."

मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या शब्दाबाहेर न गेलेली बाई.

सूनबाई वर धावली. तासाभरात स्कॅनही झाला, प्राणवायू लावूनच नेलं तिला. उजव्या फुफ्फुसात बुरशीनं गाठ धरली आहे. रक्तानं कमजोर झालेल्या लेकरांत ही बुरशी श्वासातून जाते आणि आतल्या आत पसरते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. स्कॅन हातात यायच्या आधीच त्यांनी औषध लावलं होतं.

दुपारी सूनबाई पुन्हा खाली आली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला मी उत्तर देऊ शकतो. तिनं आधी जीवनला विचारलं, "गाडी तुम्ही चालवली?" त्यानं मान हलवली. मग ती माझ्याकडे वळली.

"मामा, परवा मॅडमनी विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे 'नाही' म्हणाले. तुम्ही माझ्याशेजारी उभे होता. माझ्या लेकराच्या बाबतीत तुम्ही माझ्याच तोंडून खोटं वदवलंत."

"सत्यशीला, मी तिच्या भल्यासाठी..."

"तुला केलीत ते मी एक वेळ विसरेन. ते प्रेमानं केलं असेल. परवा गप्प बसलात ते कशासाठी होतं?" ती थांबली. मग म्हणाली, "आता तुम्ही गावाकडं जा. वर येऊ नका."

शनिवार, २२ नोव्हेंबर, गाव

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. बायको फिरली. मुलगा फोन उचलत नाही. सून तर परकीच होती, आता उघड झाली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मी एकटा एसटीनं आलो, गीताबाई तिथेच राहिली. सूनबाईनं तिला ठेवून घेतलं. ज्वारी पाखडणारी चालते, नवस बोलणारा चालत नाही.

मी कोणाचं वाईट केलं? चोरी केली? मी देवाला दिलेला शब्द पाळला. माणसांनी मला दिलेला पाळला नाही. सगळ्या घरात मला धरून राहिली ती एकटी नंदू.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गीताबाईनं बंकटच्या फोनवर निरोप दिला. माझ्या फोनवर नाही. ताप थोडा कमी आहे. मूत्रपिंडांना औषधाचा त्रास होतो आहे. कर्करोगाचे डोस आता थांबवावे लागलेत, आधी ही गाठ आटोक्यात आली पाहिजे. डोस थांबले तर मूळ आजार डोकं वर काढेल का, हे कोणी सांगत नाही. दोन दिवस आधी औषध सुरू झालं असतं तर एवढं पसरलं नसतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणे. हे त्यांनी म्हटलं की गीताबाईनं जोडलं, देव जाणे.

दुपारी निवेदन घेऊन पोरं आली. सही मागत होती. मी म्हणालो, राहू द्या सध्या. एक जण म्हणाला, "मामा, तुमीच तर म्हणलते, दवाखान्याला सोडायचं न्हाई." मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

पोरं गेल्यावर कोठीत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. एक पोतं उरलं होतं. तोंड सोडून आत हात घातला तर गठ्ठा हाताला लागला, तो चुरला आणि हिरवी-काळी पूड वर आली. मी पटकन उपरणं नाकाला लावलं आणि दोन पावलं मागे सरलो. मी, अडुसष्ट वर्षांचा धडधाकट माणूस. मग उपरणं तसंच नाकाला धरून बराच वेळ तिथे उभा राहिलो. बंकटला सांगितलं, हे पोतं लांब नेऊन पुरून टाक आणि तोंडाला फडकं बांध.

आज देवापुढे बसलो नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज सूनबाईचा फोन आला. एवढ्या दिवसांत पहिला. "नंदूला तुमच्याशी बोलायचं आहे," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता बर्फ वितळतो आहे. पोरीनंच वितळवला.

फोनवर तिचा चेहरा दिसला. हाताएवढा झाला आहे. हळू बोलते, मध्ये मध्ये श्वासाला थांबते.

"आबा, मी न्हाई सांगितलं. आजीनं सांगितलं."

"मला ठाऊक हाय बाळा. तू पक्की हायस."

"डॉक्टर मॅडमनी इचारलं, तरी न्हाई सांगितलं." मग थांबली. "आबा, मी तवाच सांगितलं असतं तर मला रक्त पडलं नसतं का?"

मी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"माझ्यामुळं झालं का हे?"

मी म्हणालो, "हॅलो, हॅलो, नंदू, आवाज येईना, रेंज गेली," आणि फोन बंद केला.

रेंज गेली नव्हती. तिचा आवाज स्वच्छ येत होता. शेजारच्या पलंगावरचं पोर रडत होतं तेही ऐकू येत होतं. थोड्या वेळानं सूनबाईचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "मामा, हा प्रश्न ती मला रोज विचारते. मी तुझी चूक नाही म्हणून सांगते, तर म्हणते आबांना विचारते, आबा खरं सांगतील." आणि तिनं ठेवून दिला.

एवढे दिवस या वहीत मी लिहीत आलो की मला फसवलं. आज कोणाचं नाव लिहू? मला धरून राहिलेलं एकच माणूस होतं घरात. तिच्या तोंडावर मी फोन बंद केला.

शुक्रवार, ५ डिसेंबर, संभाजीनगर

पहाटेची एसटी धरून आलो. जिन्यात जीवन भेटला. आडवा आला नाही, पाया पडला नाही. बाजूला झाला.

सूनबाई दारात उभी होती. म्हणाली, "तिला उत्तर द्यायला आला असाल तर या. दुसऱ्या कशाला आला असाल तर खालीच बसा."

हात धुतले. अंगात त्यांचा डगला घातला, तोंडाला फडकं बांधलं, कोणी सांगायच्या आधी. गीताबाई पलंगाशी बसली होती, ती उठून बाहेर गेली. नंदूनं मला ओळखलं आणि हात वर केला, सुई लावलेला.

मी रस्त्यात शब्द जुळवत आलो होतो. त्यातला एकही आठवला नाही. तिच्या शेजारी बसून म्हणालो, "नंदू, तुझी कायबी चूक न्हाई. एक कणभर न्हाई. तुला तिथं मी नेलं. आईशी खोटं बोलायला मी शिकवलं. अन् डॉक्टरबाईंनी इचारलं तवा सांगायचं काम माझं व्हतं. मी सांगितलं न्हाई. म्हणून तुला रक्त पडलं."

सत्यशीला पायथ्याशी उभी होती.

नंदूला रडू येईल असं मला वाटलं होतं, किंवा ती माझा हात धरेल. तिनं आपला हात हळूच पांघरुणाखाली घेतला.

"मी तर शप्पथ घेतलती म्हणून बोलले न्हाई," ती म्हणाली. "तुमाला कोणी शप्पथ घातलती, आबा?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग आईकडे तोंड करून डोळे मिटले.